मोठ्यानं की मनात

अंबाजी पाटील आले आणि उभेच राहिले. एरवी हा माणूस ओट्यावर बूड टेकल्याशिवाय आणि तंबाखूची चिमूट मळल्याशिवाय तोंड उघडत नसे. मेहमुदा आत तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"बसा की, पाटील," तिचा नवरा राजमहंमद म्हणाला. तो कुरुंदाच्या दगडावर सुरी लावत होता.

"बसतो," पाटील म्हणाले आणि बसले नाहीत.

मग ते बोलत राहिले, पण सगळं इकडचं तिकडचं. सरकारच्या लेव्हीवाल्यांनी औंढ्यातून किती भात उचललं. विहिरीनं चैत्रातच कसा तळ गाठला. वाघजाईची जत्रा चार दिवसांवर आली आणि बकरी तेवीस झाली.

"तेवीस," राजमहंमद म्हणाला. "गेल्या साली एकोनीस व्हती."

"लेव्हीनं भात नेलं, नवस न्हाई नेलं. तर मुलाणी, एक हाय."

दगडावरचा आवाज थांबला.

"पोरं बसलीवती देवळात. नथू आनि ती सगळी. पेपर वाचत्यात. पंजाबात काय चाललंय ते तुमालाबी ठावं हाय."

"लोणावळ्यात ऐकलं."

"व्हय. तर त्यांचं म्हननं असं, का बकरी तुमीच कापा. त्याला कुनी न्हाई म्हनत न्हाई. तुमची सुरी लागल्याबिगर म्हातारी मानसं घास उचलायची न्हाईत. पन ते तुमी म्हनता न्हवं का, सुरी घालायच्या आधी."

"बिस्मिल्ला."

"ते. ते मनात म्हना."

राजमहंमदनं अंगठ्यानं धार बघितली. पुन्हा बघितली.

"म्हनू नका असं न्हाई," पाटील घाईनं म्हणाले. "म्हनायला तर पायजेच. निस्ता आवाज नको."

"पाटील, मनात तर मी लय काय काय म्हनतो."

पाटलांना हसू आलं आणि मग कुठं ते ओट्यावर बसले. पण तंबाखू काढली नाही. "मला कळत न्हाई व्हय? माझ्या बाच्या टायमाला असलं कुनी बोललं असतं तर... पन पोरं ऐकत न्हाईत. कामशेतवरनं खाटीक आनतो म्हनत्यात. आनि एकदा का तितं दुसरा मानूस उभा ऱ्हायला..."

वाक्य त्यांनी तसंच सोडलं. पुरं करायला आत मेहमुदा होतीच. औंढ्यात मुसलमानाचं हे एकच घर, मुलाण्याचं. घराला शेत नव्हतं, बैल नव्हता. सुगीला दर खळ्यावरून भाताची एक पेंढी येई आणि जत्रेला दर बकऱ्यामागं मानेचा वाटा. देवळाजवळच्या जांभळाखाली बकरी कापायची ती जागा गेली की पेंढी गेली. पेंढी गेली की मग औंढ्यात आपण कोण, पाहुणे?

*

जत्रेच्या आदल्या दिवशी मुलगा आला, वाहिद. लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये कोळसा ओढायचं काम. नखांच्या कडा कायमच्या काळ्या. त्यानं पाय धुतले, चहा घेतला. पुढचं मेहमुदानं चुलीपुढं पाठमोरं बसून ऐकलं. कोण काय बोललं ते कळायला बघावं लागत नव्हतं.

"जाऊ नका, अब्बा."

"कुटं?"

"उद्या. जांभळाखाली. मौलवीसाहेब सांगतात, देवीच्या नावानं सोडलेलं जनावर आपण कापणं बरोबर नाही."

"देवीचं देवीनं घेतलेलं असतं. पाठीवर पानी टाकत्यात, बकरू अंग झाडतं, झालं तिचं काम. मग ते माझ्याकडं येतं. मी कापतो ते मानसाच्या पोटासाठी."

"हे तुमी सांगता."

"माझा बा सांगायचा. त्याचा बा सांगायचा."

"त्यांच्या वेळी कुणी गप कर म्हणत होतं का? नाव घेऊ नको म्हणणाऱ्याच्या दारात कशाला जायचं? शेडमध्ये खोली मिळंल मला. तुमी दोघं तिकडं या."

"मंग हितं कोन कापंल?"

"नथू आणेल कुणी."

"म्हंजे नथूचंबी म्हननं मी नको, आनि तुजंबी म्हननं मी नको. चांगलं हाय. चौथीपर्यंत एका बाकावर बसलात, त्याचा उपेग झाला."

"चेष्टा नका करू."

"चेष्टा न्हाई करत. मला सांग, मी न्हाई गेलो तर कुनाला आनंद व्हईल? तुला, नथूला आनि कामशेतच्या खाटकाला. तिगांसाठी मी तेवीस घरं उपाशी ठेवू?"

"तुमी नाही गेला म्हणून कुणी उपाशी नाही राहत."

मेहमुदानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मुलाचं खोटं नव्हतं, हेच तिला लागलं.

*

पहिलं बकरं पाटलांचं. मानाचं. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. देवळापुढं त्यानं अंग झाडलं, ढोल वाजला आणि ते जांभळाखाली आलं. मेहमुदानं परात पुढं केली. कापण्याआधी जनावराला पाणी पाजायचं, हे तिचं काम. सासूनं लावून दिलेलं. बकरं दोन घोट प्यायलं. राजमहंमदनं त्याला डाव्या कुशीवर घेतलं, तोंड पश्चिमेला केलं. ओठ हलले. आवाज नाही. सुरी फिरली.

दरसाल या वेळी लोक गप्प होत, त्याचा आवाज ऐकायला. आजही ते गप्प झाले. ऐकायला काही नव्हतं. पाय झाडल्याचा आवाज तेवढा आला, तो एरवी कधी कानावर पडला नव्हता.

दुसरं, तिसरं. तसंच. नथू कमरेला उपरणं बांधून जांभळाच्या बुंध्याशी उभा होता.

चौथं रखमाजीआबांचं. सत्तरीचा म्हातारा, कान अजून शाबूत. त्यांनी बकऱ्याची दोरी सोडली नाही.

"मुलाणी, आज घसा बसला का?"

"न्हाई, आबा."

"मंग काय ऐकू आलं न्हाई ते?"

"मनात म्हनत्यात ते, आबा," नथू म्हणाला. "गावाचं ठरलंय."

"मनात काय म्हनतोय ते मला काय ठावं? मनात तो मला शिव्याबी देत असंल."

लोक हसले. राजमहंमदही हसला.

"ते काय न्हाई. माझ्या नातीचा नवस हाय. मला ऐकू येईल असं म्हन, न्हाईतर मी चाललो बकरू घेऊन."

राजमहंमदनं पाटलांकडं बघितलं. पाटील लांब डोंगराकडं बघत होते, जणू तिकडून कुणी यायचं होतं.

"बिस्मिल्ला, अल्ला हू अकबर."

आवाज नेहमीपेक्षा जरा चिरका आला. रखमाजीआबांनी दोरी सोडली.

पाचवं. आता राजमहंमदनं स्वतःच विचारलं, "मोठ्यानं का मनात?" धनी गोंधळला. नथूकडं बघितलं, रखमाजीकडं बघितलं. "तुमच्या सोयीनं." "माझी सोय न्हाई, बकरं तुजं हाय." "मंग मनात."

सहावं, मोठ्यानं.

सातवं, मनात. आठवं, मनात.

नववं एका बाईचं. नवरा मुंबईला गिरणीत. ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "लय मोठ्यानं नको, पर मला कळंल असं." राजमहंमद तिच्या बाजूला वळून, दुखणाइताशी बोलावं तसं म्हणाला. ती मान डोलावून गेली.

दहा, अकरा, बारा. ऊन डोक्यावर आलं. परातीतलं पाणी गढूळ झालं, मेहमुदानं ते ओतून दुसरं आणलं. विहिरीवर रांग होती. बायका तिला पुढं घेत होत्या दरसालसारखंच, पण आज कुणी काही विचारत नव्हतं. कुणाचं बकरं कसं निघालं, काळीज केवढं होतं, काही नाही. एक जण एवढंच म्हणाली, "भाभी, आमच्यांनी मनात सांगितलं. त्यास्नी नथूबरोबर उठावं-बसावं लागतं." मेहमुदा म्हणाली, "असू दे." दुसरं काय म्हणणार.

सोळावं, मोठ्यानं.

सतरावं नथूचं.

काळं, दोन दाताचं, अंगानं भरलेलं. नथूच्या आईचा, धोंडाबाईचा नवस होता. सुनेची, नथूच्या बायकोची, तीन पोटं पडली, चौथं मूल टिकलं. उर्स्याहून सोयरे जेवायला यायचे होते. बकरं नथूनं स्वतःच धरलं. मेहमुदा परात घेऊन खाली वाकली. याच पोरानं लहानपणी वाहिदबरोबर तिच्या चुलीपुढं बसून भाकरी खाल्ल्या होत्या. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

"मनात," विचारायच्या आधीच नथू म्हणाला. मग वाकून, बकऱ्याचे मागले पाय दाबत, हळूच, "आनि पुढल्या सालापास्नं मनातबी नको. तुमच्या लोकांस्नी तिकडं मुलूख मिळायचाय. तितं म्हना."

हे तिघांनाच ऐकू गेलं. राजमहंमद बकऱ्याच्या मानेवर हात ठेवून होता. मेहमुदा त्याच्या तोंडाकडं बघत होती, इतका वेळ प्रत्येक बकऱ्याच्या वेळी बघत होती तशीच. जबडा आवळलेला होता. गळ्याची घाटी एकदा वर-खाली झाली. सुरी फिरली.

अठरावं. मोठ्यानं की मनात.

*

घरी येऊन राजमहंमदनं अंघोळ केली. दरसाली एक घागर लागे, आज दोन लागल्या. तेवीस वाटे सुपात मांडलेले होते. मेहमुदा कांदा चिरायला बसली तर म्हणाला, "थांब जरा."

"का?"

"एक बकरं बिगर नावाचं गेलं."

तिच्या हातात कांदा तसाच राहिला. वाहिद भिंतीला टेकून बसला होता, तो सरळ झाला. कोणतं ते तिनं विचारलं नाही.

"विसरलात ना," वाहिद म्हणाला. "विसरलं तर माफ असतं. मौलवीसाहेब..."

"विसरलो न्हाई. चांगलं आठवत व्हतं. तोंडाशी शिवी आली. ती गिळत बसलो, तवर सुरी फिरली." त्यानं डोळ्यांवरून ओला हात फिरवला. "मोठ्यानं म्हनायचं असतं तर आधी नाव आलं असतं. मनात म्हनायला गेलो, तर मनात ती बसलेली."

बाहेर गावात तिखटाच्या वाटणाचा वास सुटला होता. घरोघर हंड्या चढल्या असणार.

"मग त्यात तुमचं काय?" वाहिदचा आवाज चढला. "त्यांनीच मनात म्हणा सांगितलं. तो काय बोलला ते अम्मानं सांगितलं मला. त्याला नाव नको होतं, त्याला बिननावाचं मिळालं. खाऊ दे."

"त्याची आई खानार. बायको खानार. उर्स्याचं म्हातारं सोयरं खानार. त्यास्नी काय सांगितलंय? मुलाण्यानं कापलंय. माझं नाव सांगून पानात वाढनार."

"आणि तुमी जाऊन सांगितलं तर? उद्या सगळं गाव म्हणेल, मुलाण्यानं बाटवलं. मुद्दाम केलं. कामशेतचा खाटीक परवा येईल इथं. आत्ताचे दिवस कसे आहेत, अब्बा? नुसती पेंढी जाईल असं वाटतं तुमाला?"

राजमहंमदनं मेहमुदाकडं बघितलं. तिला वाटलं, जाऊ नका म्हणावं. मनापासून वाटलं. एक बकरं. शिजलं असेल आतापर्यंत. कुणाला कळणार होतं? सुपातले ते वाटे तिला दिसत होते, त्यातला एक त्या काळ्या बकऱ्याचा, आणि कोणता ते आता सांगता येत नव्हतं.

तिनं विळी बाजूला ठेवली आणि पदर डोक्यावरून घेतला. "चला. पान वाढायच्या आत गाठायला पायजे."

*

नथूच्या अंगणात पाट मांडले होते. पत्रावळी मांडून झाल्या होत्या. उर्स्याचे महिपती, नथूच्या बायकोचे वडील, हात धुऊन पहिल्या पाटावर बसले होते आणि त्यांच्या शेजारी चार-पाच माणसं. मेहमुदा फाटकाशी थांबली. राजमहंमद आत गेला.

"या मुलाणी," महिपती म्हणाले. "बसा, जेवूनच जा."

"जेवाया न्हाई आलो." त्याला वाटेत जमवलेलं काहीच आठवलं नसावं, कारण त्यानं एकदम सांगून टाकलं. "तुमच्या बकऱ्यावर नाव घ्यायचं ऱ्हायलं. माझी चूक झाली. खाऊ नका."

महिपतींचा हात पत्रावळीवर होता. तो त्यांनी उचलून मांडीवर घेतला.

नथू घरातून टोपली घेऊन येत होता. "कुनी विचारलं व्हतं तुला?"

"कुनी न्हाई."

"मुद्दाम केलंस."

"मुद्दाम केलं असतं तर सांगाया आलो असतो का?"

धोंडाबाई पळी हातात घेऊन दारात आली. पळीतून रस्सा टपकत होता. "काय ऱ्हायलं?"

तिनं राजमहंमदकडं बघितलं, मग लेकाकडं, आणि तिला कळलं. ती पायरीवरच बसली. "माझ्या नवसाचंच व्हय रं, राजूभाऊ."

"तुमचंच, वैनी."

"नवसाला काय झालंय?" नथू म्हणाला. "देवीनं घेतलंय की. अंग झाडलं, सगळ्यांनी बघितलं. आता हे खायचं मटन हाय, मटन. मी खातो. काय व्हतंय बघतो." त्यानं टोपली आपटून पहिल्या पत्रावळीवर भाकरी टाकली. "दाजी, बसा. मामा, तुमी घास घ्या."

महिपती उठले. रागानं नाही, सावकाश, गुडघ्यावर हात टेकून. "राग मानू नका, जावई. आमच्यात न्हाई चालत. बिगर नावाचं म्हंजे मुर्दाड, ते कधी खाल्लं न्हाई, आता या वयात..." बाकीचेही उठले. पाटांवर कुणी राहिलं नाही.

"तू खा," धोंडाबाई म्हणाली. "एकटाच खा, अख्खं बकरू. बस."

नथू उभाच राहिला. त्याच्या हातात एक भाकरी होती, ती त्यानं टोपलीत परत ठेवली. घरात त्याची बायको होती; तिनं दाराआडून पोराला छातीशी घट्ट धरून सगळं ऐकलं. तिच्या तोंडावरून मेहमुदाची नजर हलेना.

"गुन्हा माझा हाय," राजमहंमद म्हणाला. "काय म्हनायचं ते मला म्हना."

शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. ती दोघं परत निघाली. वाटेत जेवणाच्या पंगती बसल्या होत्या, वळणावर पाटलांच्या अंगणात हसण्याचे आवाज होते. ती तिथून जाताना हसणं थांबलं, की मेहमुदाला तसं वाटलं. बातमी अजून एवढ्या लांब आली नव्हती. येणार होती.

*

घरी राजमहंमद ओट्यावर बसला. "झालं," तो वाहिदला म्हणाला. "खोली बघ तुजी."

वाहिदचं तोंड उतरलं. हवं ते हाती आलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. त्यानं बापाच्या पायाशी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि जवळ बसून राहिला. मेहमुदानं सुपातलं मटण तसंच झाकून ठेवलं होतं. त्या तिघांनीही अजून काही खाल्लं नव्हतं. दिवस डोंगराआड गेला होता, अंगणात अजून माणूस ओळखू येईल एवढा उजेड होता.

तेवढ्या उजेडात नथू येताना दिसला. एकटाच. दोन्ही हातांत एकेक कोंबडा, पाय धरून उलटा.

वाहिद उठून उभा राहिला. मेहमुदानं त्याचा दंड धरला.

नथू अंगणाच्या कडेला थांबला. पळत आला असावा, छाती भात्यासारखी हलत होती. "सोयरं उपाशी बसल्यात," तो म्हणाला. कुणाकडं बघून ते कळलं नाही.

राजमहंमदनं आतून सुरी आणली. मेहमुदा वाटीत पाणी घेऊन आली आणि एकेका कोंबड्याची चोच तिनं पाण्याला लावली. राजमहंमद पश्चिमेकडं तोंड करून उकिडवा बसला. एक कोंबडा हातात घेतला, पंख पायाखाली धरले, मान बोटांत घेतली. मग वर बघितलं.

त्यानं विचारलं नाही. पण थांबला.

नथूनं वाहिदकडं बघितलं, खाली बघितलं. पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"आईनं सांगितलंय," तो म्हणाला, "कानांनी ऐकून ये."

आणि तो राजमहंमदच्या शेजारी, अगदी जवळ, खाली बसला.